वायफायची पंगत

आमच्या घरात वायफायलाही पंगत बसते. पहिल्या पंगतीला कोण, दुसरीला कोण आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं कोणाच्या वाट्याला, हे माझ्या सासऱ्यांनी एका सकाळी सोफ्यावर मांडी घालून ठरवलं. त्यात काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नाही. ते ठरवत असताना त्यांना चहा मीच नेऊन दिला, याचा मला मात्र अजून राग येतो.

सासऱ्यांचं नाव सावळीराम. घरात आणि मार्केट यार्डात सगळे त्यांना नाना म्हणतात. भाजीपाल्याची आडत आहे. गंगापूर रोड संपून शेतं सुरू होतात तिथे पूर्वी आमचा कोबी आणि टोमॅटो होता. आता दुमजली बंगला आहे आणि बंगल्यामागे थोडी मेथी उरली आहे. नाना माणूस वाईट नाहीत. माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. आमच्याकडे सुनेला कोणी काही बोलतच नाही. लग्नाआधी मी नाशकातल्या एका क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवायचे. लग्नानंतर ते सोड, असं मला कोणीही सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी, नेमक्या क्लासच्या वेळेला, घरी पाहुणे यायला लागले. क्लास सुटला आणि पाहुणेही यायचे थांबले.

तीन वर्षं मी गप्प बसले. मग माझ्या मैत्रिणीने, आशाने, एक जाहिरात पाठवली. पुण्याची एक कंपनी मराठी माध्यमाच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, त्यांना शिक्षक हवे होते. आशाचा स्वतःचा गंगापूर रोडला छोटा क्लास आहे आणि माझ्या घरी बसण्याचा तिला माझ्यापेक्षा जास्त संताप येतो. मी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, फोनवर बोलणं झालं, आणि शेवटची फेरी उरली ती प्रत्यक्ष शिकवून दाखवायची. अर्धा तास कॅमेऱ्यासमोर, स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहीत. ती पार पडली की नोकरी. नाही पडली तर पुन्हा एक वर्ष त्यांच्याकडे अर्ज करता येत नाही, हे त्यांनी मेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं. ते वर्ष मी कसं काढलं असतं ते मला ठाऊक होतं. आणखी एक पापडाचा उन्हाळा, आणखी एक गव्हाला तेल लावायचा उन्हाळा, आणि मग कोणीतरी म्हणालं असतं, आता कशाला नोकरी.

घरात सगळे हो म्हणाले. घरबसल्या काम, उंबरा ओलांडायचा नाही, स्वयंपाकाला हात लावायला सून हजर. नाही म्हणायला कारणच सापडेना.

मी घरून लॅपटॉपवर आशाबरोबर रंगीत तालीम केली. ती म्हणाली, अर्धं उदाहरण तू छान सांगितलंस, मग तोंड उघडं ठेवून बराच वेळ गोठून राहिलीस आणि एकदम थेट उत्तर आलं. घरात माझ्याशिवाय कोण काय करत होतं ते मी बघून आले. नाना मोबाइलवर कीर्तन बघत होते. माझा नवरा संतोष टीव्हीवर क्रिकेट बघत होता आणि हातातल्या मोबाइलवर त्याच सामन्याचे आधीचे चौकार बघत होता. गेटवरचा कॅमेरा चोवीस तास रस्त्यावरची कुत्री टिपत होता. आमच्या प्लॅनमध्ये खाली येणारं नेट भरपूर आणि वर जाणारं चमचाभर. माझा फळा आणि माझा आवाज वर जाणार होता.

मी जरा शोधाशोध केली तेव्हा कळलं की राउटरमध्ये याची सोय असते. कोणत्या कामाला आधी वाट द्यायची ते त्याला सांगून ठेवता येतं. समोरासमोर बोलणं चालू असेल तर ते आधी जातं, कारण ते थांबलं की नासतं. सिनेमा उतरवणं, फोटो साठवणं मागून गेलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. म्हणजे नेट वाढवायचं नाही, नुसती शिस्त लावायची. मला फार आनंद झाला. शिस्त आमच्या घरात भरपूर आहे असा माझा समज होता.

संतोष अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे गडबड दिसली तर चालू मशीन बंद पाडायचा त्याला अधिकार आहे. घरात टीव्हीचा आवाज कमी करायचा झाला तरी तो नानांकडे बघतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, कल्पना चांगली आहे म्हणाला आणि नानांच्या कानावर घाल म्हणाला.

मी नानांना त्यांच्याच भाषेत समजावलं. यार्डाच्या फाटकावर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. तिथे मेथी-कोथिंबिरीची गाडी आधी आत जाते, कांदा-बटाटा थांबतो. कोणाची गाडी आहे ते कोणी विचारत नाही, माल काय आहे ते बघतात. नेटचंही तसंच करायचं, म्हटलं. माझा वर्ग म्हणजे कोथिंबीर. नानांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं त्या फाटकावर त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, लय सोपं हाय, कळलं मला. आणि खरंच त्यांना कळलं होतं. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं असतं तर मी एवढी चिडले नसते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेटवाल्याला बोलावलं. तो लॅपटॉप उघडून बसला आणि त्याने विचारलं की कामाप्रमाणे लावायचं की फोनप्रमाणे. मी तोंड उघडेपर्यंत नानांनी विचारलं, फोनप्रमाणं म्हंजे माणसाप्रमाणं लागतं का? लागतं म्हणाला. कोणत्याही फोनला पहिल्या, मधल्या किंवा शेवटच्या वर्गात टाकता येतं. नाना सावरून बसले. यार्ड तिथेच संपलं आणि लग्नघर सुरू झालं.

"धोंड्याचा महिना तोंडावर हाय," ते म्हणाले. "जावईबापू येणार हायेत. त्यांच्या मोबाइलला पहिलं लाव."

अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि आमच्याकडे त्याची वाट दिवाळीपेक्षा जास्त बघतात. जावयाला बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. माझी मोठी नणंद हर्षालीताई, तिचे यजमान शेखरराव. पुण्यात चांगल्या पदावर आहेत. ते अजून यायचे होते. त्यांचा मान आधी पोचला होता. त्यांच्या खालोखाल पहिल्या वर्गात नाना. मधल्या वर्गात संतोष, टीव्ही, हर्षालीताई, कारण ती माहेरवाशीण. नेटवाल्याने गेटच्या कॅमेऱ्याचं विचारलं. नाना म्हणाले, राखणीचं काम हाय, मधी घाल. शेवटी त्याने माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"तो बाकीच्यात," नाना म्हणाले. "घरच्या बाया मागून घेतील."

म्हणजे माझ्या पुढे जावई, सासरे, नवरा, नणंद, टीव्ही आणि रस्त्यावरची कुत्री. मी संतोषकडे बघितलं. त्याला तेवढ्यात मोबाइलच्या काचेवर काहीतरी डाग दिसला आणि तो पुसत बसला. मी म्हटलं, नाना, माणसाप्रमाणे नाही, कामाप्रमाणे लावायचं ठरलं होतं. ते हसले. अगदी मायेने हसले. गाडीचं वेगळं आणि घरचं वेगळं सूनबाई, म्हणाले, पाहुण्याला थांबवून आपण आधी जेवतो का? नेटवाल्याने माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि बटण दाबलं. मी कप उचलून आत गेले.

सासूबाई आत भाजी निवडत होत्या. चतुराबाई त्यांचं नाव, माहेर पेठ तालुक्यातलं. त्या बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याला कळेपर्यंत विषय संपलेला असतो, इतकं कमी बोलतात. त्यांचा फोन कोणत्या वर्गात आहे असं मी बाहेर विचारायला हवं होतं का, असा विचार मनात आला. पण कोणाच्याच तोंडी त्यांचं नाव आलं नव्हतं आणि त्यांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

पुढे कंपनीचा मेल आला. माझी फेरी रविवारी दुपारी. रविवारी धोंड्याचं जेवण. मी तारीख बदलून मागितली. बदलत नाही असं दोन ओळींत उत्तर आलं. आशा म्हणाली माझ्या क्लासवर ये, खोली रिकामी असते, नेट स्वच्छ आहे. मी सासूबाईंना विचारलं. धोंड्याच्या दिवशी सून घराबाहेर, हे नानांना सांगणार कोण, एवढंच त्या म्हणाल्या. सांगणारं कोणी निघालं नाही. मग सासूबाईंनी आणि मी हिशेब केला की दुपारी जेवण झालं की पुरुष झोपतात. पुरणावर तर हटकून झोपतात. झोपलेला माणूस नेट वापरत नाही. हा हिशेब गणिताच्या शिक्षिकेने केला होता.

शेखरराव शनिवारी आले, ते मंगळवारपर्यंत राहणार होते. स्वभावाने मोकळे, हसतमुख, सगळ्यांची चौकशी करणारे. त्यांना एकच छंद आहे. जे दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि जे हलेल त्याचा व्हिडिओ. आल्या आल्या त्यांनी गेटचा काढला, मेथीचा काढला, कढईचा काढला. रविवारी नानांनी त्यांना पाटावर बसवलं, सासूबाईंनी ओवाळलं, तर ओवाळून घेतानाही त्यांनी एका हाताने स्वतःचा व्हिडिओ काढला. आरतीचं तबक डावीकडे गेलं की मोबाइल डावीकडे. नंतर चांदीच्या ताटाचा, धोंड्यावर तूप पडतानाचा, तेहतीस अनारसे एकेक मोजून दाखवतानाचा. सगळं सगळ्यात भारी दर्जात, ते स्वतःच सांगत होते. नाना कौतुकाने बघत होते.

मी आणि सासूबाई पहाटेपासून पुरण वाटत होतो. पुरुष जेवले, मग हर्षालीताई आणि ओवाळणीला बोलावलेल्या शेजारच्या बायका जेवल्या. आमचं दोघींचं राहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, तू जा, तुझी वेळ झाली, मी थांबते. मी साडी बदलली, तोंड धुतलं, वरच्या खोलीचं दार लावलं आणि लॅपटॉप उघडला. पोटात पहाटेचा चहा तेवढा होता.

समोर दोघं होते. प्रतिभा मॅडम म्हणून एक बाई आणि एक सर, ज्यांनी कॅमेरा बंद ठेवला होता. नुसतं नाव दिसत होतं, यादव. मला शिकवायचा होता नळ आणि टाकीचा भाग. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल. मी सुरुवात बरी केली. फळ्यावर टाकी काढली, पहिला नळ काढला. दुसरा नळ काढायला घेतला आणि मॅडमच्या कपाळावर आठी पडली. तुमचा आवाज तुटतोय, त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. आता त्यांना मी दिसेनाशी झाले. मग आवाज आला पण फळा गोठला. अर्धा नळ त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे. त्यांनी सभ्यपणे विचारलं की काही करता येईल का, नाहीतर इथेच थांबावं लागेल. मी दोन मिनिटं मागितली आणि जिना उतरले.

फोनवरून मोबाइलच्या रेंजवर करावं, तर आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर येते, आणि मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर स्क्रीन दिसत नाही, पायाची कातडी मात्र निघते. त्यामुळे जे काय व्हायचं ते हॉलमध्येच होणार होतं.

हॉलमध्ये शांतता होती. टीव्ही बंद. नाना खुर्चीत डोळे मिटून. संतोष सतरंजीवर आडवा. शेखरराव दिवाणावर उताणे, छातीवर मोबाइल, आणि घोरणं असं की पडदा हलावा. नेट कोणीच वापरत नव्हतं. मी दाराशी बसलेल्या हर्षालीताईला विचारलं. ती म्हणाली, त्यांचे फोटो आपोआप वर साठवले जातात ना, वायफाय मिळालं की सुरू होतं, आज बरेच आहेत. म्हणजे ओवाळणी, ताट, तूप, तेहतीस अनारसे, सगळ्यात भारी दर्जात, पहिल्या वर्गाने ढगात चालले होते. माणूस झोपला होता आणि त्याचा मान जागा होता. मी म्हटलं, ताई, त्यांच्या फोनचं वायफाय तेवढं बंद कर. लॉक आहे गं, ती म्हणाली, उठवावं लागेल, आत्ताच डोळा लागलाय. मी म्हटलं उठव. तिने नानांकडे बघितलं.

नानांनी डोळे उघडले. मी काय म्हणतेय ते त्यांनी ऐकलं होतं.

"जावईबापूंचं चाललंय ते आधी होऊ दे," ते म्हणाले. "तुझं मागून."

"काय चाललंय त्यांचं, नाना? ते घोरतायत."

"घोरू दे. मोबाइल त्यांचाच हाय ना."

तीन वर्षांत मला या घराचा एकही नियम इतका सोपा करून कोणी सांगितला नव्हता. मी संतोषकडे बघितलं. तो जागा होता. पापण्या हलत होत्या. ज्याला झोपेचं सोंगही धड जमत नाही अशा माणसाशी मी लग्न केलं, याचं मला त्या क्षणी रडू आलं असतं, पण वरती दोन मिनिटं संपत होती.

मी वर जाऊन लॅपटॉप घेऊन आले. टीव्हीच्या खालच्या कप्प्यात राउटर आहे. त्याच्या मागे वायफाय बंद करायचं बारीक बटण असतं, ते दाबलं. टीव्हीला गेलेली वायर उपटली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. वायर वीतभर, त्यामुळे उभं राहता येईना, खुर्चीवर बसता येईना. मी तिथेच फरशीवर, सकाळच्या रांगोळीत, मांडी घालून बसले. मॅडम पुन्हा दिसायला लागल्या. एकदम स्वच्छ, कानातली कुडीसुद्धा दिसली.

इकडे गेटच्या कॅमेऱ्याचा डबा, नेट गेलं म्हणून, टीं टीं करायला लागला. शेखरराव दचकून उठून बसले. संतोषला अधिकृतपणे जाग आली. नाना खुर्चीतून उठले. मी मागे बघितलं नाही, पण स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या माझ्या चौकटीत माझ्या खांद्यामागे एकेक जण येऊन उभा राहताना मला दिसत होता. कोणी काही बोललं नाही, कारण समोर बाहेरची माणसं होती. बाहेरच्यांपुढे आमच्या घरात कधीच काही घडत नाही.

मी दोन्ही नळ काढले. आता कॅमेरा बंद ठेवलेल्या सरांनी मठ्ठ विद्यार्थ्याचं सोंग घेतलं. ते म्हणाले, मॅडम, चार आणि सहा दहा, म्हणजे दहा तास लागणार ना? वर्गातली निम्मी पोरं हेच म्हणतात. मी विचारलं, एकटा पहिला नळ किती तासांत भरतो? चार. मग दुसरा मदतीला आला, तर वेळ वाढेल की कमी होईल? सर मुद्दाम गप्प बसले. आणि माझ्या मागून नाना म्हणाले, "कमी." त्यांना राहवलं नाही. प्रतिभा मॅडम हसल्या. मी नानांकडे न बघता म्हटलं, बरोबर, कमी. किती कमी ते आता बघू. एका तासात पहिला पाव टाकी भरतो, दुसरा सहावा हिस्सा. दोन्ही मिळून बारा भागांतले पाच. मी अपूर्णांक मांडत गेले आणि मला भूक, रांगोळी, मागची माणसं, सगळं विसरायला झालं. मी चांगली शिकवते. हे मी तीन वर्षांनी पहिल्यांदा स्वतः ऐकत होते.

संपलं तेव्हा मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. शिकवणं आवडलं, त्या म्हणाल्या, शंका फक्त एकच आहे. वर्ग रोज घ्यायचे आहेत. सुरुवातीला जे झालं ते मुलांसमोर झालं तर पालक टिकत नाहीत. घरून रोज असं स्वच्छ नेट मिळेल का, याची खात्री त्यांना माझ्याकडून हवी होती.

मी उत्तर द्यायच्या आत नाना पुढे झाले. वाकून कॅमेऱ्यात आले. यार्डात मोठा व्यापारी आला की चेहऱ्यावर येतं ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"हाय ना म्याडम. सगळी सोय हाय. आमच्या घरात सूनबाईचं पहिलं."

मला दिसलं पुढे काय होणार ते. मी मान डोलावली असती तर नोकरी मिळाली असती, नानांची शान राहिली असती, संतोषने सुटकेचा श्वास सोडला असता. उद्या सकाळी मी पुन्हा बाकीच्यात आणि नववीच्या मुलांपुढे गोठलेली. महिन्याभरात कंपनीने हात जोडले असते आणि नाना म्हणाले असते, आम्ही कुठं नको म्हटलं व्हतं. या घरात बाहेरच्यासमोर खरं बोलणं याहून मोठा गुन्हा नाही. चोरीसुद्धा पोटात घालतात.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "या घरात माझी सोय नाही. गंगापूर रोडला माझ्या मैत्रिणीचा क्लास आहे, तिथली खोली सकाळी रिकामी असते. मी रोज तिथे जाऊन शिकवीन."

नाना वाकलेले होते ते तसेच राहिले, हसूही तसंच राहिलं. क्षणभर मला वाटलं पुन्हा नेट गेलं. मग ते हळूच सरळ झाले आणि चौकटीतून बाहेर गेले. प्रतिभा मॅडमनी एकदा त्यांच्या दिशेने बघितलं, एकदा माझ्याकडे. बोलले ते यादव सर. कॅमेरा बंदच. त्यांची एक तुकडी उद्यापासून शिक्षकाविना होती, शिकवणाऱ्या बाई आजारी पडल्या होत्या. उद्या दहाला जमेल का, त्यांनी विचारलं.

"जमेल," मी म्हणाले.

लॅपटॉप मिटला, वायर काढून टीव्हीला लावली आणि मागचं बटण दाबलं. थोड्या वेळाने शेखररावांचा फोन वाजला. उरलेले फोटो वर जायला लागले. आलं का नेट, नानांनी विचारलं. आलं, आलं, संतोष म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं. हर्षालीताईने मोबाइल उघडला. नानांनी कीर्तन लावलं. शेखरराव भलेपणाने म्हणाले की वहिनी, मला आधी सांगायचं ना, मी नंतर टाकले असते. आणि सरळ मनाने म्हणाले, म्हणून जास्तच राग आला. मी काय बोलले ते कोणीच काढलं नाही. जणू ते शब्दही शेवटच्या वर्गात होते आणि अजून कोणापर्यंत पोचायचे होते.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी दोन ताटं वाढून ठेवली होती. त्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या हे मला तेव्हा कळलं. मी ताटावर बसले. त्यांनी माझ्या धोंड्यावर तूप घातलं, स्वतःच्या घातलं आणि जेवायला सुरुवात केली. थोडं झाल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या कितीला निघशील?"

"नऊला."

त्यांनी घास संपवला. बाहेर हॉलपर्यंत जाईल इतक्या आवाजात, ताटावरून मान वर न करता, त्या म्हणाल्या, "मी बी येते तुझ्यासंगं, लय दिवस झाले गंगापूर रोडला गेले नाय. जावईबापूंचा नाष्टा हे बघतील."

बाहेरचं कीर्तन थांबलं. नेट चालू होतं.